घरी मुलांचं वाचन: रोज एक पुस्तक तुमचं, एक मुलाचं

आठ-सव्वाआठला लोकलमधून उतरून घरी यायचं, जेवण उरकायचं आणि मग शाळेच्या डायरीतलं काम काढायचं. घणसोली असो की घोडबंदर रोड, मराठीचा धडा साधारण याच वेळी उघडला जातो. मूल ‘क… म… ळ…’ करत अडखळतं, मोठ्यांचा आवाज चढतो आणि दहाव्या मिनिटाला पुस्तक मिटतं. यात कुणाचा आळस नसतो. एकाच पुस्तकाकडून एकाच वेळी दोन कामं मागितली जातात, तिथं गाडं अडतं: वाचता येणं आणि वाचावंसं वाटणं.

दुसरीतलं मूल कानांनी जेवढी गोष्ट समजून घेतं, तेवढी त्याला अजून डोळ्यांनी वाचता येत नाही. त्याच्या आवडीची गोष्ट त्याला झेपत नाही आणि झेपणारी गोष्ट बाळबोध वाटते. म्हणून दोन पुस्तकं ठेवा. एक तुम्ही वाचून दाखवायचं, मुलाच्या पातळीपेक्षा वरचं. दुसरं मुलानं वाचायचं, त्याच्या पातळीपेक्षा किंचित सोपं. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पुढच्या पायऱ्या मोठ्या शिशूपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत.

१. आधी पातळी बघा

रविवारी सकाळी मूल ताजंतवानं असताना दहा मिनिटं काढा. मागच्या इयत्तेचं बालभारतीचं मराठी पुस्तक घ्या. घरात नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवता येतं. मुलानं पाठ केलेला नसेल असा साधारण १०० शब्दांचा उतारा निवडा आणि त्याच्यासमोर ठेवा. तुमच्याकडे त्याच उताऱ्याची दुसरी प्रत हवी. मूल वाचत असताना चुकलेल्या शब्दाखाली बारीक रेघ मारा. मधे बोलू नका, भुवयाही उडवू नका.

नंतर मोजा. ९५ किंवा जास्त शब्द बरोबर असतील, तर हा मजकूर मूल एकट्यानं वाचू शकतं. ९० ते ९४ असतील, तर कुणी शेजारी बसल्यावर जमेल. ९० च्या खाली गेलं, तर तो मजकूर सध्या तुम्ही वाचून दाखवायच्या बाजूला टाका. १०० पैकी ८५ म्हणजे गुणपत्रिकेत उत्तम, पण वाचनात दर सातव्या शब्दाला ठेच लागते आणि गोष्टीचा धागा हातात राहत नाही.

वेगाचा आकडा हवा असेल, तर केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. हा आकडा मराठीला लावताना हात जरा सैल ठेवा. ‘घरासमोरच्या’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे, इंग्रजीत त्याचेच चार-पाच होतात. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना नको. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच पातळीचा नवा उतारा वाचून घ्या आणि मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. तीन महिन्यांनी पहिली फीत मुलालाच ऐकवा.

२. साहित्य जमवा

फार काही लागत नाही:

- पातळीचा अंदाज घ्यायला मागच्या दोन इयत्तांची बालभारतीची पुस्तकं
- मुलाच्या पातळीची ८-१० पातळ पुस्तकं
- तुम्ही वाचून दाखवायला एक जाड पुस्तक किंवा मासिक
- ओळीखाली धरायला पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची पट्टी
- तारीख, पुस्तकाचं नाव आणि अडलेले शब्द लिहायला एक वही

मोफत मजकुरासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सोयीचं आहे. तिथं मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून लांब. शब्द कमी म्हणजे जोडाक्षरं कमी असं मात्र नाही. बऱ्याच गोष्टी दुसऱ्या भाषांतून आलेल्या असल्यानं पहिल्या पातळीतही अवघड शब्द निघतात. उतरवण्याआधी दोन पानं स्वतः वाचून बघा. छापताना कागदाच्या एका बाजूवर दोन पानं बसवली, तर बारा पानांची गोष्ट सहा बाजूंत, म्हणजे दोन्हीकडून छापल्यास तीन कागदांत मावते.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ते साधारण चौथीनंतर मुलानं स्वतः वाचायचं. त्याआधी तुमच्या वाचून दाखवण्यासाठी त्यात भरपूर माल आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं कमी किमतीत मिळतात.

वाचनालयाचं सदस्यत्व घ्याच. घरची दहा पुस्तकं महिन्याभरात संपतात आणि दर महिन्याला नवी विकत घेणं खिशाला परवडत नाही. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. त्याशिवाय ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत प्रभागांतून छोटी-मोठी सार्वजनिक वाचनालयं आहेत. पहिल्यांदा जाताना आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा (भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार), दोन फोटो आणि अनामत व वर्गणीचे सुटे पैसे जवळ ठेवा. तिथं तीन गोष्टी विचारा: बालविभाग वेगळा आहे का, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, आणि मुलाला कपाटापर्यंत जाऊन स्वतः निवडू देतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरं वाचनालय शोधा. अनामतीची पावती जपून ठेवा, घर बदलताना ती सापडत नाही.

मुलानं निवडलेलं पुस्तक झेपेल का, हे तिथल्या तिथं बघायला पाच बोटांची युक्ती पुरते. मधलं एक पान वाचायला सांगा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपायच्या आत मूठ वळली, तर ते पुस्तक तुमच्या वाट्याचं. परत ठेवायला लावू नका, दोन्ही घरी न्या.

३. तुमचं पुस्तक: १५ मिनिटं

हे मजेचं काम आहे, तेव्हा त्यात शिकवणी घुसवू नका. मूल मांडीवर, शेजारी किंवा पांघरुणात कुठंही चालेल. पान त्याला दिसलं पाहिजे. संवाद वेगवेगळ्या आवाजांत वाचा. ‘अपरिचित’सारखा अवघड शब्द आला तर थांबून व्याख्या सांगू नका, वाक्यातच ‘अपरिचित, म्हणजे ओळख नसलेला’ असं गुंफून पुढं जा. पंधरा मिनिटं झाली की उत्सुकतेच्या जागी थांबा.

‘या गोष्टीतून तू काय शिकलास?’ हा प्रश्न टाळा. त्या प्रश्नानं गोष्टीचा धडा होतो. विचारायचंच असेल तर एकच विचारा: ‘पुढं काय होईल?’ किंवा ‘तुला कुणाचा राग आला?’ उत्तर आलं नाही तरी हरकत नाही.

गोष्टीच पाहिजेत असंही नाही. काही मुलांना राजकन्येपेक्षा इंजिन आवडतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यापर्यंतच आली होती. ठाण्याच्या मुलाला त्या गाडीबद्दल चार पानं वाचून दाखवा, मग प्रश्न मूलच विचारेल. ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावरच्या मुलाला रोहित पक्षी पुरे होतो.

आई-बाबा दोघंही उशिरा येत असतील, तर हा वाटा आजी-आजोबांना द्या. आजीचं वाचन संथ असतं आणि मुलाला डोळ्यांनी ओळ पकडायला तोच वेग बरा पडतो. मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करण्याची घाई करू नका. बहुतेक घरांत ते दुसरीत थांबतं, आणि नेमकं तेव्हाच मुलाला स्वतःच्या पुस्तकाचा कंटाळा आलेला असतो.

४. मुलाचं पुस्तक: १० मिनिटं

हे दहाच मिनिटं, घड्याळ लावून. जेवणाआधी जमलं तर उत्तम, नंतर पेंग येते. टीव्ही बंद हवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुमचासुद्धा.

एकच छोटा उतारा किंवा गोष्टीची दोन-तीन पानं चार दिवस फिरवा. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा आणि मूल शब्दाखाली पट्टी सरकवेल. दुसऱ्या दिवशी दोघांनी एका आवाजात वाचायचं. तुमचा आवाज किंचित पुढं, पण मुलाचा बुडेल इतका मोठा नाही. तिसऱ्या दिवशी मूल एकटं. चौथ्या दिवशी ते गावच्या आजोबांना फोनवर वाचून दाखवेल. चौथ्या दिवसाचं वाचन गुळगुळीत होतं आणि आपल्याला येतं हे मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू येतं. पाचव्या दिवशी त्याच्या मर्जीचं काहीही, कॉमिक चालेल, बिस्किटाचा पुडासुद्धा चालेल.

धोका एकच: पाठांतर. मूल पानाकडे न बघता घडाघडा म्हणायला लागलं, तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ विचारा. सांगता आला नाही, तर तो उतारा सोडा आणि नवा घ्या.

मूल अडलं की पुढचा क्रम पाळा.

पहिलं, गप्प बसा. मनात सावकाश पाच मोजा. बहुतेक पालक एक म्हणायच्या आत शब्द सांगून टाकतात, त्यामुळे मूल शब्दाकडे बघण्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला शिकतं.

दुसरं, शब्दाचा न वाचलेला भाग दाखवा. ‘बदक’ला ‘बस’ म्हणणारं मूल पहिलं अक्षर बघून अंदाज बांधत असतं. त्याला ‘नीट बघ’ सांगून काही कळत नाही. ‘क’वर बोट ठेवा आणि ‘इथं काय आहे?’ विचारा.

तिसरं, शब्द तोडून द्या. ‘न-गर-पा-लि-का’ असा पुठ्ठ्याच्या पट्टीनं उघडत न्या.

चौथं, शब्द सांगून मोकळे व्हा. एका शब्दावर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त गेले की आधीचं वाक्य डोक्यातून जातं. शब्द सांगितला की मात्र ते वाक्य सुरुवातीपासून पुन्हा वाचून घ्या.

अर्थ न बदलणाऱ्या चुका सोडून द्या. ‘पुस्तके’ लिहिलंय आणि मूल ‘पुस्तकं’ म्हणालं, तर ते डोळ्यांनी वाचून घरच्या मराठीत बोललं, ही चांगली खूण आहे. नवी मुंबईतल्या गावठाणांत घरी आगरी-कोळी बोलणारं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणेल. तो त्याचा उच्चार आहे, वाचनाची चूक नाही. प्रमाण उच्चार तुम्ही वाचून दाखवताना कानावर पडू दे. तिथल्या तिथं टोकलं तर मूल घरातल्यांसमोर वाचायचंच बंद करतं.

५. देवनागरी कुठं अडवते

‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार असते त्या मुलांच्या चुका वहीत आठवडाभर टिपल्या, तर त्या ठरावीक तीन-चार जागांवरच सापडतात. त्या जागा माहीत असल्या की निम्मं काम होतं.

न बोलला जाणारा ‘अ’. मूल क, म, ळ ही अक्षरं सुटी ओळखतं, पण जोडून म्हणताना प्रत्येकातला ‘अ’ पूर्ण उच्चारतं, म्हणून त्याला स्वतःच्याच तोंडून ‘कमळ’ ऐकू येत नाही. आपण बोलताना शेवटच्या अक्षरातला ‘अ’ गिळतो, आणि चार अक्षरी शब्दात बहुधा दुसऱ्यातलाही: सर-बत, गण-पत. नियम पाठ करून घेऊ नका, फक्त तुकडे तसे पाडून द्या. ‘क-मळ’, ‘म-गर’, ‘ब-दक’. शेवटी जोडाक्षर असेल तर मात्र ‘अ’ टिकतो: मित्र, पत्र.

वेलांटी. ‘दिवा’मध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला ‘द’ नंतर ऐकू येते. ‘स्थिती’त तर ती ‘स्’च्याही आधी बसते आणि आवाज ‘थ’ला मिळतो. अशा शब्दांत आधी मूळ अक्षरावर बोट, मग वेलांटीवर, असा क्रम दाखवा.

‘र’ची रूपं. मूल तिसरीत गेलं तरी इथं घसरतं, आणि याचा उत्तम सराव रेल्वेच्या पाट्यांवर फुकट मिळतो. ‘तुर्भे’तला रफार ‘भे’च्या डोक्यावर आहे, पण म्हणायचा त्याच्या आधी: तुर्-भे. ‘मुंब्रा’त ‘र’ पोटात आहे आणि म्हणायचा ‘ब’नंतर. ‘ट्रक’, ‘ड्रम’मध्ये तो खाली टोपीसारखा. आणि ‘दुसऱ्या’, ‘दऱ्या’मधला तो तुटका, ज्यावर जोर न देता निसटून जायचं. चारही एकाच दिवशी घेऊ नका. एका आठवड्याला एक रूप, रोज पाच शब्द.

दिसायला जुळी अक्षरं. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ठ-ढ. ही जोडीनं शिकवली की गोंधळ पक्का होतो. आधी एक अक्षर आठवडाभर मुरू द्या, मग दुसरं, आणि तिसऱ्या आठवड्यात फरक करायला लावणारे शब्द: भाऊ-माऊ, बारा-वारा, ठोकळा-ढोकळा. ‘ख’ आणि ‘रव’साठी ‘खाना-रवाना’. मोबाइलवर काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. पाठ्यपुस्तकातलं वळण वेगळं असल्यानं छोटी मुलं थबकतात. दोन्ही वळणं शेजारी लिहून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

च, ज, झ. ‘चाक’ आणि ‘चिमणी’, ‘जहाज’ आणि ‘जीभ’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’. अक्षर तेच, उच्चार दोन. शाळेच्या बसमध्ये दिवसभर हिंदी बोलणारं मूल ‘चाक’ हिंदी पद्धतीनं वाचतं आणि ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ म्हणतं. हे अक्षरं गिरवून सुटणार नाही, कारण कागदावर फरक दिसतच नाही. उपाय तिसऱ्या पायरीत आहे: मराठी कानावर पडणं.

६. घराबाहेरचं वाचन

ट्रान्स-हार्बरवर ठाण्याहून वाशीकडं जाताना दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा एवढ्या पाट्या येतात. ‘ऐ’, ‘घ’, ‘ण’, ‘खै’ आणि रफार एका प्रवासात. मोठी गर्दी टाळून रविवारी जा. मुलाला ‘वाच’ म्हणू नका. ‘घणसोली आलं की मला सांग’ म्हणा. घरी किराण्याची यादी मराठीत लिहून मुलाच्या हातात द्या आणि दुकानदाराला त्यालाच वाचून सांगू दे.

७. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर

राज्यात २०२० च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे मराठीचं पुस्तक घरी येतंच. फक्त शाळेत त्याला तासिका कमी मिळतात. अशा मुलाला एक-दोन इयत्ता खालचं मराठी पुस्तक द्या आणि त्यात कमीपणा मानू नका. दोन्ही भाषांचं वाचन एकाच बैठकीत नको, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मराठी शब्दांवर इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून देणं. मूल परीक्षेपुरतं वाचतं आणि डोळा देवनागरीवर पडतच नाही. त्या अक्षरांत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत फरकही करता येत नाही. लिहून दिलं असेल तर खोडरबरानं पुसून टाका.

८. तज्ज्ञाकडे कधी जायचं

वर सांगितल्याप्रमाणे सहा महिने नियमित बसूनही मूल तीच अक्षरं उलटसुलट करत असेल, ओळी गाळत असेल, तोंडी उत्तरं चटपटीत देत असेल पण वाचताना आणि लिहिताना कोसळत असेल, तर आळशीपणाचं लेबल लावू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर किंवा सततच्या सर्दीनं कमी झालेलं ऐकू येणं, यांत अनेक ‘वाचनाच्या’ तक्रारी निघतात.

दोन्ही ठीक निघाले, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार मुलालाही वाचन-लेखन न जमण्याची, तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पक्कं निदान बहुधा आठ वर्षांच्या आसपास केलं जातं, पण मदत त्याची वाट बघत थांबवायची नसते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. ठाण्याहून धीम्या गाडीनं थेट, वाशी-नेरूळहून कुर्ल्याला गाडी बदलून. नंबर लागायला वेळ जातो आणि तपासणीला एकापेक्षा जास्त फेऱ्या पडतात, तेव्हा रजेचा हिशेब आधीच करा.

जाताना सोबत न्या: मुलाचं आधार कार्ड आणि जन्मदाखला, शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, डोळे व कानाच्या तपासणीचे कागद, आणि मुलाच्या मूळ वह्या, नीटनेटक्या करून उतरवलेल्या नव्हेत. घरी टिपून ठेवलेली अडलेल्या शब्दांची वही आणि दर महिन्याच्या फिती असतील तर त्याही न्या.